त्रास होतो का?

डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "त्रास होतो का काही? चालताना दम लागणं, छातीत दुखणं, चक्कर?"

बाबा म्हणाले, "नाही. काहीच नाही."

मी शेजारच्या खुर्चीत फाईल मांडीवर घेऊन बसलो होतो. मी काही बोललो नाही.

प्रसंग एवढाच. जानेवारी २०२५, सकाळचे अकरा. बाबा तेव्हा ६९ वर्षांचे होते आणि ते खोटं बोलले नव्हते. त्यांना खरंच दम लागत नव्हता. पण दम का लागत नाही हे मला माहीत होतं, आणि ते न सांगता मी फाईल बंद करून त्यांच्यामागून बाहेर पडलो. त्या गप्प बसण्याचं काय करायचं हे मला अजून नीट कळलेलं नाही, म्हणून लिहितो आहे.

आधी पर्वतीबद्दल सांगायला हवं. बाबा दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपमधून २०१४ साली मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे पर्वतीला जायला लागले. पर्वतीच्या १०३ पायऱ्या. तिथे नेमानं येणारी मंडळी किती वेळा चढलो ते मोजतात, तशी बाबांची 'रोज चार' अशी ख्याती होती. २०१९ मध्ये चारचे दोन झाले, कारण बरोबरचे काका मुलाकडे कॅनडाला गेले आणि एकट्यानं कंटाळा येतो. २०२० मध्ये सगळंच बंद. २०२१ मध्ये पुन्हा सुरू झालं ते एकदाच वर जाणं, आणि वर गेल्यावर बराच वेळ बसणं. २०२३ च्या पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या झाल्या म्हणून बाबा खाली सारसबागेत फिरायला लागले. पावसाळा संपला, पायऱ्या वाळल्या, बाबा सारसबागेतच राहिले. आधी चार-पाच फेऱ्या, मग दोन, मग एक फेरी आणि बाकावर बसून पेपर.

यातलं प्रत्येक कारण खरं होतं. काका खरंच कॅनडाला गेले होते, पायऱ्या खरंच निसरड्या होत्या.

आता झडपेबद्दल. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून महाधमनीत रक्त जातं त्या दारावर ही झडप असते. तीन पाकळ्या, प्रत्येकीची जाडी एक मिलिमीटरपेक्षाही कमी. दिवसाला साधारण एक लाख वेळा ती उघडते आणि मिटते. निरोगी झडप पूर्ण उघडली की तीन ते चार चौरस सेंटिमीटर जागा मिळते, म्हणजे एक रुपयाच्या नाण्याएवढी. वय वाढतं तशा काहींच्या पाकळ्या जाड होतात, मग त्यांच्यावर कॅल्शियमचे खडे धरतात, त्या ताठ होतात, आणि दार पूर्ण उघडेनासं होतं. उघडीप एक चौरस सेंटिमीटरच्या खाली गेली की त्याला 'सिव्हिअर' म्हणतात. नाण्याचं शर्टाचं बटण झालेलं असतं आणि त्याच बटणातून सगळ्या शरीराचं रक्त जायचं असतं.

हे कळल्यावर आईनं पहिल्यांदा बाबांचं दूध बंद केलं. तिचा तर्क चुकीचा असला तरी स्वाभाविक होता: कॅल्शियम साचतंय, तर कॅल्शियम कमी करा. पण पाइपात क्षार साचतात तसा हा प्रकार नाही. सततच्या ताणानं पाकळीच्या पृष्ठभागाला इजा होते, तिथे चरबीचे कण शिरतात, सूज येते, आणि मग पाकळीतल्या पेशीच आपला धर्म बदलतात. त्या हाड बनवणाऱ्या पेशींसारख्या वागायला लागतात. २००१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या झडपा तपासल्या तेव्हा १३ टक्के झडपांमध्ये खरंखुरं, थरांचं हाड सापडलं. म्हणजे हृदय स्वतःच्या दारात स्वतः हाड घडवत असतं. आपल्याकडे लहानपणच्या सांधेतापानं झडपा खराब झालेले लोक पुष्कळ. डॉक्टरांनी बाबांना तेही विचारलं होतं. तसं काही नव्हतं. बाबांचं प्रकरण निव्वळ वयाचं होतं.

आणि हे थांबवणारं औषध नाही. कोलेस्टेरॉल कमी केलं तर थांबेल असं बरीच वर्षं वाटत होतं. २००८ मध्ये १,८७३ रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले: कोलेस्टेरॉल घसघशीत उतरलं, झडप मात्र आपल्या वेगानं आकसतच राहिली. शेवटी उपाय एकच, झडप बदलणं. छाती उघडून, किंवा मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी घालून. हा दुसरा मार्ग फ्रान्समधल्या रूआँ शहरात आलँ क्रिबिए यांनी एप्रिल २००२ मध्ये पहिल्यांदा माणसावर यशस्वी करून दाखवला. त्याला टावी म्हणतात आणि आपल्याकडे तो अजून भलताच महाग आहे.

मग मधल्या काळात काय करायचं? मोजत राहायचं. मी सॉफ्टवेअरवाला, मला हे फारच आवडलं. इकोमध्ये झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग मोजतात. पाण्याच्या पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबलं की धार जोरात उडते, तसंच: दार जितकं अरुंद, वेग तितका जास्त. सेकंदाला दोन मीटरच्या पुढे सौम्य, तीनच्या पुढे मध्यम, चारपासून सिव्हिअर. गंमत अशी की वेगावरून दाब काढायचं सूत्र आहे: वेगाचा वर्ग गुणिले चार. दोन मीटरला १६, तीनला ३६, चारला ६४ मिलिमीटर पारा. म्हणजे वेग दुपटीनं वाढला की हृदयाला द्यावा लागणारा जादा दाब चौपट होतो. एकदा मध्यम टप्पा गाठला की वेग सरासरी वर्षाला ०.३ मीटरनं वाढतो, पण माणसामाणसात खूप फरक असतो. आधीच जास्त कॅल्शियम असेल तर पुढचं लवकर साचतं. ताठ पाकळीवर ताण जास्त, आणि ताणानं आणखी कॅल्शियम.

मी एक्सेल शीट केली. २०१९: २.६. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. २०२१: ३.१. २०२३: ३.७. त्या बिंदूंमधून मी एक रेघ काढली आणि ती २०२४ च्या उत्तरार्धात चारला टेकत होती. जानेवारी २०२५ च्या इकोत ४.१ आलं. खरं सांगायचं तर आकडा बघून पहिली भावना भीतीची नव्हती, अंदाज बरोबर आल्याची होती.

मिलेटस शहरातल्या ग्रीक युबुलिडीसच्या नावावर एक जुनं कोडं आहे. धान्याच्या ढिगातून एकेक दाणा काढत गेलं तर तो ढीग नेमका कितव्या दाण्याला संपतो? एका दाण्यानं ढिगाचा ढीगपणा जात नाही, आणि तरी शेवटी ढीग उरत नाही. बाबा आजारी कधी झाले? ३.९ ला नाही आणि ४.० ला हो? आम्ही कामाच्या ठिकाणी असल्या रेषा रोज आखतो. डिस्क ९० टक्के भरली की अलर्ट. ८९ ला कुणी उठत नाही. रेषा कुठेतरी आखावीच लागते आणि ती कुठेही आखली तरी थोडी मनमानीच असते, हे मला मान्य आहे. पण या आजारात मजा अशी आहे की आकड्याच्या रेषेवर सगळं ठरतच नाही. चार ओलांडलं तरी डॉक्टर लगेच ऑपरेशन करत नाहीत. ते आधी विचारतात, त्रास होतो का?

या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. १९६८ मध्ये रॉस आणि ब्राउनवाल्ड या दोन अमेरिकी डॉक्टरांनी दाखवलं की हा आजार वर्षानुवर्षं काहीही न जाणवता वाढतो आणि मग एका वळणावर लक्षणं सुरू होतात. तिथून ऑपरेशनशिवाय आयुष्य सरासरी किती? छातीत दुखायला लागलं तर पाच वर्षं, भोवळ येऊन पडायला लागला तर तीन, हृदय कमी पडून धाप लागायला लागली तर दोन. म्हणून सगळं लक्ष त्या वळणावर. आणि ते वळण आलं की नाही हे सांगणारं मुख्य यंत्र म्हणजे रुग्णाचं तोंड.

इथे गोची आहे. डावा कप्पा जाड होऊन जादा दाब सोसत असतो, वरून सगळं सुरळीत दिसतं. आमच्याकडे एखादी सर्व्हिस आतल्या आत दहादा प्रयत्न करून एकदा उत्तर देते आणि डॅशबोर्डवर हिरवंच दिसतं, तसं. आणि माणूसही साथ देतो. चार वेळाऐवजी दोनदा चढतो, मग एकदा, मग चढतच नाही. ज्या पायरीवर दम लागला असता तिथे तो पोचतच नाही. मग "दम लागतो का?" या प्रश्नाचं खरं उत्तर "नाही" असंच असतं.

अमर्त्य सेन यांनी एक उदाहरण दिलं आहे, ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. बंगालच्या दुष्काळानंतरच्या वर्षी, १९४४ मध्ये, कलकत्त्याजवळच्या सिंगूरमध्ये आरोग्याची पाहणी झाली. विधुर पुरुषांपैकी ४८.५ टक्के म्हणाले की आपली तब्येत बरी नाही किंवा बेताचीच आहे. विधवांपैकी असं म्हणणाऱ्या फक्त २.५ टक्के. त्या काळातल्या बंगालमधल्या विधवा पुरुषांपेक्षा धडधाकट होत्या असं कुणीही मानणार नाही. अपेक्षाच इतकी खाली आलेली होती की तक्रारीला जागा उरली नव्हती. आपल्याकडे कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणतो, पण कोल्ह्याला निदान द्राक्षं दिसत तरी होती. इथे वेलाकडे बघणंच सुटलेलं असतं. (जाता जाता: आईला मी त्या रात्री विचारलं, तुला दम लागतो का गं? ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" तिचा इको आजवर कुणी काढलेला नाही.)

तर जानेवारीत मला हे सगळं माहीत होतं. डॉक्टर म्हणाले, ट्रेडमिलवर चालवून बघू, म्हणजे कळेल. बाबा म्हणाले, गुडघे दुखतात, पुढच्या वेळी बघू. मी एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. का बोललो नाही? मला कंपनीकडून सहा महिन्यांसाठी जर्मनीला जायचं विचारलं होतं. फ्लॅटचा हप्ता नुकताच सुरू झाला होता. आणि मनात कुठेतरी असं की बाबा 'नाही' म्हणतायत तोवर ते नाहीच आहे. त्यांचं उत्तर मला सोयीचं होतं. मी वर त्याला चांगलं नावही दिलं: त्यांचं शरीर आहे, त्यांनी ठरवावं. स्वातंत्र्याचा मान वगैरे. एखाद्याच्या स्वातंत्र्याचा मान राखणं आणि त्याच्या उत्तरामागे लपणं यांत बाहेरून काहीच फरक दिसत नाही.

जर्मनी शेवटी झालंच नाही, दुसऱ्याच कारणानं. जुलैत पुन्हा तीच खोली, तोच प्रश्न. "त्रास होतो का?" "नाही." आणि मी म्हणालो, "डॉक्टर, हे आधी रोज चार वेळा पर्वती चढायचे. आता सारसबागेत एक फेरी मारून बाकावर बसतात."

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टरांनी आठ-दहा प्रश्न विचारले आणि त्याच आठवड्यात ट्रेडमिल ठरवली. अशा रुग्णाला ती डॉक्टर समोर उभे असतानाच करतात. चौथ्या मिनिटाला बाबांना धाप लागली, आणि चालताना रक्तदाब चढायला हवा तो चढला नाही. मशीन थांबवलं. त्रास नव्हता असं नाही. त्रासापर्यंत ते जात नव्हते.

मला वाटलं होतं की आता बाबांनाही पटेल. रिक्षात ते काही बोलले नाहीत. घरी चहा झाल्यावर म्हणाले, "तुला काय वाटलं, मला कळत नव्हतं? पस्तीस वर्षं इंजिनं ऐकली मी. चढावर गाडी ओढत नसली की ड्रायव्हर काय करतो? गिअर उतरवतो. मी गिअर उतरवला. गाडी चालू होती ना?"

मी म्हणालो, "बाबा, पण तुम्ही डॉक्टरांना..."

"डॉक्टरनं विचारलं त्रास होतो का. नव्हता होत. ताईचं बाळंतपण होतं, तुझं परदेशाचं चाललं होतं. तुझ्या मामाचं ऑपरेशननंतर काय झालं ते बघितलंय मी. मला वर्ष-दीड वर्ष काढायचं होतं. आणि तू माझ्या तोंडचं उत्तर देऊन मोकळा झालास."

हे मला अनपेक्षित होतं. मी सेन वाचून ठरवून टाकलं होतं की बाबांना स्वतःचं आकुंचन दिसत नाही. त्यांना ते दिसत होतं. त्यांनी त्याचा हिशोब केला होता आणि तो हिशोब अगदीच वेडा नव्हता. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. ९०१ रुग्ण, सगळ्यांची झडप सिव्हिअर आणि लक्षणं नाहीत. बहुतेकांना तर ट्रेडमिलवर चालवून खात्री केलेली. ज्यांना नुसतं नजरेखाली ठेवलं त्यांच्यातल्या ८७ टक्क्यांना पुढच्या साधारण चार वर्षांत झडप बदलावीच लागली, आणि अचानक दवाखान्यात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण लवकर बदललेल्यांच्या दुप्पट होतं. पण मृत्यूचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखंच. त्याच महिन्यात ब्रिटन-ऑस्ट्रेलियातल्या एका लहान चाचणीत लवकर बदलण्याचा ठळक फायदा दिसला नाही. म्हणजे थांबणाऱ्या माणसाला मूर्ख म्हणता येईल इतकी स्पष्टता विज्ञानातही नाही. अर्थात त्या चाचण्या खरोखर लक्षणं नसलेल्यांच्या होत्या, बाबांना लक्षणं होती. पण हा फरक बाबांना कुठून कळणार?

आणि इथेच मी अडकलो. दोन वर्षं, तीन वर्षं, पाच वर्षं हे आकडे मला माहीत होते. वेग दुप्पट तर दाब चौपट हे मला माहीत होतं. रेघ चारला कधी टेकणार हे मला माहीत होतं. ती शीट माझ्या लॅपटॉपवर होती आणि मी ती बाबांना एकदाही दाखवली नव्हती. घाबरतील म्हणून. पस्तीस वर्षं यंत्रं उघडून जोडणारा माणूस, आणि मी त्याला 'थोडं अरुंद झालंय, डॉक्टर बघतायत' एवढंच सांगत होतो. त्यांनी जो निर्णय घेतला तो अर्ध्या माहितीवर घेतला, आणि उरलेली अर्धी माझ्याकडे होती.

जानेवारीत दवाखान्यात गप्प बसलो हीच माझी चूक, असं मी सहा महिने धरून चाललो होतो. आता वाटतं तिथे माझं बोलणं किंवा न बोलणं, दोन्ही उशिराचं होतं. डॉक्टरांना सांगायच्या आधी ते वाक्य मी बाबांना सांगायला हवं होतं, घरी, २०२१ मध्येच. बाबा, तुम्ही चारवरून एकवर आलात. ते 'हो, माहीत आहे' म्हणाले असते, किंवा चिडले असते. मग मी आकडे पुढे ठेवले असते, आणि मग त्यांनी 'तरी थांबतो' म्हटलं असतं तर मला वाटतं मी खरोखरच गप्प बसायला मोकळा होतो. कदाचित नसतोही. धाप लागलेल्या बापाला त्याच्या निर्णयाचा मान म्हणून बाकावर बसू देणं मला जमलं असतं का, याची खात्री देत नाही. पण ते भांडण आमच्या दोघांचं झालं असतं. मी ते तिसऱ्या माणसासमोर, त्यांची पाठ भिंतीला लावून उरकलं.

त्या रात्री मी लॅपटॉप उघडून शीट दाखवली. बाबांनी चष्मा लावला आणि पहिला प्रश्न विचारला तो मला सुचलाच नव्हता: "हे २०२० चं कुठंय?" मी म्हणालो, तेव्हा इको झाला नाही, मध्ये सरळ रेघ धरलीय. "रेघ धरलीयस," ते म्हणाले, "मापलं नाहीस." मग तासभर ते झडपांचे प्रकार विचारत होते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत बनलेली, १९९० मध्ये पहिल्यांदा बसवलेली भारतीय बनावटीची झडप मी फोटोत दाखवली. धातूच्या कड्यात कलती होणारी प्लॅस्टिकची चकती. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला, चकती कशावर टेकते ते शोधलं. त्यांच्या वयाला बहुधा प्राण्याच्या ऊतींची झडप बसवतील, कारण धातूच्या झडपेला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, हे सांगितल्यावर थोडे खट्टू झाले.

मी बरोबर केलं असं ते अजून म्हणालेले नाहीत. मी विचारलेलंही नाही. एवढं ठरलं की यापुढे काही दिसलं तर आधी त्यांना सांगायचं.

ऑपरेशनच्या तारखेसाठी परवा पुन्हा गेलो होतो. डॉक्टरांनी सवयीनं विचारलं, "त्रास होतो का काही?" बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी फाईलकडे बघत होतो.

"सारसबागेत दुसरी फेरी घेतली तर होतो," ते म्हणाले. "गणपतीच्या मागच्या वळणावर."